पुलावरचं सीमांतपूजन

७ फेब्रुवारी १९७९

हे आज पेढे घेऊन घरी आले. मला वाटलं, बढती मिळाली! तसलं काही नाही. मृदुलाला स्थळ आलंय. आणि कुठून आलं — तर एकीकरण समितीतून!

हे शहर बससेवेत वाहतूक अधिकारी. यांच्या गाड्या निळ्या. दापोडीच्या पुलापलीकडे पिंपरी, चिंचवड, निगडी अशा धावतात त्या उपनगर सेवेच्या पिवळ्या गाड्या, आणि तिथले अधिकारी प्रभाकरराव. दोन्ही सेवा एक करायच्या म्हणून समिती नेमली त्याला वर्ष होऊन गेलं. बैठक होते, बटाटेवडे होतात, पुढच्या बैठकीची तारीख ठरते. अजून निळी गाडी पुलापलीकडे गेलेली नाही की पिवळी अलीकडे आलेली नाही. पण प्रभाकररावांचा श्याम आणि आमची मृदुला, यांचं मात्र समितीने चहाच्या दुसऱ्या कपाला जमवून टाकलं.

मुलगा भोसरीच्या कारखान्यात इंजिनिअर. एकुलता एक. घर निगडीला.

मी एवढंच विचारलं, सांगवीहून निगडीला जायचं कसं? एकच मुलगी, तिला भेटायला गाड्या बदलत जाऊ? तर म्हणाले, आता एकीकरण होतंच आहे, सांगवी ते निगडी थेट गाडी, मार्ग मी स्वतः आखलाय. मार्ग आखला म्हणजे गाडी निघाली असं यांना वाटतं. पण मनातून मला बरं वाटलं. घरासमोर बसायचं, मुलीच्या दारात उतरायचं — ह्यापेक्षा मला त्या समितीकडून काही नको.

२५ फेब्रुवारी

मुलगी दाखवून झाली, त्यांची पसंती आली. आज आम्ही त्यांचं घर बघायला निगडीला गेलो. सरकारी जीप घरच्या कामाला वापरायची नाही हे यांचं तत्त्व. त्यामुळे वाहतूक अधिकाऱ्यांना बसच्या रांगेत उभं राहिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं! दोनदा म्हणाले, गाडी एवढा वेळ का येत नाही? मी म्हटलं, तुम्हालाच ठाऊक.

सांगवीची निळी गाडी औंधवरून बोपोडीला पुलाच्या अलीकडे येते आणि वळते. पिवळी पुलाच्या पलीकडे येते आणि वळते. मधला पूल ज्याचा त्याने चालायचा! अंगावरून ट्रक जातात. कामगार डबे छातीशी धरून पळतात. एक बाई डोक्यावर कोंबड्यांची डालगी घेऊन पळत होती. आणि आपण पुलाच्या मध्यावर आलो की पलीकडची गाडी हमखास सुटते. कारण दुसऱ्याचं वेळापत्रक बघून आपलं ठरवणं दोन्ही सेवांना कमीपणाचं वाटतं.

आज सुटली नाही. ड्रायव्हरने मान बाहेर काढून आम्हाला हाक मारली, "पळू नका, हाय मी." खंडू त्याचं नाव, चाकणजवळच्या निघोज्याचा. पुलावर माणूस दिसला की हा गाडी हलवत नाही, असं त्या कोंबडीवाल्या बाईने कौतुकाने सांगितलं. मला इतकं बरं वाटलं! यांनी खिशातून पेन काढून त्याचा बिल्ला नंबर लिहून घेतला. गाडी उशिरा सोडतो म्हणून. दुसऱ्याच्या सेवेतला ड्रायव्हर, तरी!

घर चांगलं आहे, हवेशीर. श्यामची आई अरुंधतीबाई जरा ताठ वाटल्या, मोजून बोलतात. श्याम तर बोलतच नाही. चहा पिताना यांनी खंडूची तक्रार केली, प्रभाकरराव म्हणाले, अहो त्याला मी तीनदा समज दिली. दोघे अधिकारी त्या तक्रारीवर फार खुश झाले.

येताना पुलावर मृदुला म्हणाली, आई, मला आवडला. ट्रकच्या आवाजात मला ऐकूच येईना. तिला दोनदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ती लाजली.

९ मार्च

घोडं अडलं. तारखेवरून.

एकीकरण एक जूनला होणार म्हणतात. मग दोन्ही सेवांना मिळून प्रमुख एकच. यांची नोकरी जास्त वर्षांची, प्रभाकररावांची श्रेणी एक पायरी वरची. दोघांनाही खात्री आहे की प्रमुख आपणच.

प्रभाकररावांना लग्न मे महिन्यातच हवंय. आज ते बरोबरीचे आहेत, शिवाय मुलाचे वडील. जूननंतर हेच साहेब झाले तर? आपल्या साहेबाकडून मानपान करून घ्यायचे म्हणजे अवघडच. आणि यांना लग्न जूननंतर हवंय. कारण सांगतात कार्यालय मिळत नाही. खरं कारण मला माहीत आहे. मुलीच्या बापाला वाकावं लागतंच, पण वरिष्ठ म्हणून वाकलं की लोक त्याला मोठेपणा म्हणतात.

१० मार्च

तेच.

१८ मार्च

नऊ दिवस दोन्ही घरांत निरोप नाही. समितीची बैठक मात्र झाली! शेजारी शेजारी बसले म्हणे, आणि एकमेकांशी बोलायचं ते अध्यक्षांमार्फत.

मृदुला रात्री जेवली नाही. ताटावरून उठली आणि म्हणाली, "आई, लग्न माझं आहे की गाड्यांचं?" आणि मोरीत जाऊन रडली. मला वाटलं होतं, थट्टा चाललीय, मीही मनात हसत होते. मी तिचं तोंड पुसलं आणि बाहेर आले.

यांना सरळ सांगितलं — बारा मेचा मुहूर्त आहे, खडकीचं कार्यालय रिकामं आहे, मी स्वतः विचारून आले आहे. नाही म्हणायचं असेल तर मुलीला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.

यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. पान उलटलं नाही. मग म्हणाले, बारा मे ठीक आहे, मीही तेच म्हणत होतो.

२८ एप्रिल

नवीन अडचण! वऱ्हाड निगडीहून पिवळ्या खास गाडीने येणार. कार्यालय पुलाच्या अलीकडे. पिवळी गाडी पूल ओलांडू शकत नाही, नियम! ओलांडायची तर शहर सेवेचा परवाना हवा, म्हणजे यांची सही. सही एका मिनिटाची. पण त्यासाठी प्रभाकररावांनी यांच्याकडे अर्ज करायला हवा. ते म्हणतात, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाकडे अर्ज करायचा? विनंती करतो असं लिहून? हे म्हणतात, अर्जाशिवाय परवाना दिला तर उद्या ऑडिटवाले मला धरतील. बरं, यांनी आपली निळी गाडी निगडीला पाठवावी, तर तिला पलीकडे न्यायला प्रभाकररावांचा परवाना. मग अर्ज यांनी करायचा. तोही होणार नाही!

श्याम निरोप देऊन गेला — मी मोटारसायकलवर येतो, बाकीच्यांचं बघा. पहिल्यांदाच एवढं बोलला. जावई चांगला मिळणार.

३ मे

मला सुचलं!

वर गावच्या सीमेवर आला की मुलीकडच्यांनी पुढे जाऊन त्याचे पाय धुवायचे, पूजा करायची, मानाने आत आणायचं. म्हणून ते सीमांतपूजन. हल्ली सगळे कार्यालयातच उरकतात, सीमा बघतो कोण. पण आमच्या दोन घरांना खरीखुरी सीमा आहे! पिवळी गाडी पुलापलीकडे थांबू दे. निळी अलीकडे उभी राहू दे. वऱ्हाड पूल चालून येईल, आम्ही अलीकडच्या टोकाला पाट मांडून पूजा करू. अर्ज नको, परवाना नको, शास्त्र मात्र तंतोतंत.

यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, नियमात बसतंय. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

११ मे

सीमांतपूजन झालं! हसू आवरत नाही अजून.

संध्याकाळी बोपोडीच्या स्टॉपवर आम्ही दोन पाट मांडले, रांगोळी काढली, समई लावली. ट्रक गेला की समई विझते. मांडव नाही, तर बसच्या पाटीखालीच. पलीकडून पिवळी गाडी आली, चालवणारा खंडूच, डोक्याला फेटा. वऱ्हाड पुलावरून निघालं — पुढे सनई, मागे श्याम, मागे प्रभाकरराव सूट घालून घाम पुसत.

हे वाकले, श्यामचे पाय धुतले. प्रभाकररावांना नारळ, शाल दिली. दोघांनी कडकडून भेट घेतली, पण आधी कोण हात पुढे करतो याची वाट बघण्यात गुरुजींना दोनदा मंत्र म्हणावा लागला.

विहीणबाईंचे पाय मी धुवायचे. मी वाकले तशा अरुंधतीबाई कानाशी कुजबुजल्या, "पुरे हो. मला फार लाज वाटते. उठा आता." मी वर पाहिलं तर ताठ वगैरे काही नाही. डोळ्यांत पाणी. मलाही आलं. स्टॉपवर दोन बायका रडतायत आणि मागे लोक नंबर विचारतायत.

आणि खरी गंमत पुढेच! दोन रंगांच्या गाड्या, हार, नारळ, सनई आणि दोन्हीकडचे अधिकारी मिठी मारतायत, हे बघून रांगेतल्यांना वाटलं एकीकरणाचं उद्घाटन चाललंय! टाळ्याच वाजवल्या. आठ-दहा जण सरळ निळ्या गाडीत वऱ्हाडात जाऊन बसले. एक आजोबा शिवाजीनगरचं तिकीट मागत होते. त्यांना लग्न आहे म्हणून सांगितलं तर म्हणाले, मग जेवूनच जातो. जेवले, आणि अगदी मनापासून आशीर्वाद देऊन गेले.

१३ मे

घर रिकामं. तिचा कंगवा आरशापाशीच राहिला.

१ जून

एकीकरण झालं नाही. पुढची तारीख मागाहून कळवणार.

२३ ऑगस्ट

एकीकरणाचं भिजत घोंगडं तसंच. दर गुरुवारी मी पुलापर्यंत जाते. पलीकडून कधी मृदुला येते, कधी तिला बरं नसलं तर अरुंधतीबाई. पुलाच्या कठड्याशी उभं राहून आम्ही डबे बदलतो. त्यांच्या हातचं लोणचं इकडे, माझ्या चकल्या तिकडे. थेट गाडी असती तर तासभर बसता आलं असतं. उभ्या उभ्या काय बोलणार? तरी बोलतो.

मृदुलाला दिवस गेलेत. आज पुलावरच सांगितलं तिने. मी तिला जवळ घेतलं तर डब्यातलं वरण माझ्या लुगड्यावर सांडलं.

मग तिला पिवळ्या गाडीत बसवून दिलं. "पळू नका ताई, हाय मी," खंडू म्हणाला. पळतच नव्हती ती, पण त्याला तेच एक वाक्य येतं.

१६ ऑक्टोबर

आता हे आणि प्रभाकरराव जिवाभावाचे मित्र! रविवार रविवार ते इकडे, नाहीतर हे तिकडे. ते येतात ते यांच्या जीपमधून. तत्त्वाचं विचारलं तर म्हणाले, ही समितीची कामं आहेत.

आज कळलं कसली कामं. दोघांच्या लक्षात आलंय की एकीकरण झालं तर एकाला दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागेल. न झालं तर दोघेही साहेबच. म्हणून दोघांनी मिळून समितीसाठी टिपण लिहिलं. मला वाचून दाखवलं. सीमा राखणं हे प्रवाशांच्याच हिताचं आहे, पूल चालल्याने प्रवाशांना मोकळी हवा मिळते, आणि "सीमेवर वाहनबदल सुरळीत होऊ शकतो, हे अकरा मे रोजी प्रत्यक्ष सिद्ध झालेले आहे."

मी म्हटलं, ते माझ्या मुलीचं लग्न होतं! प्रभाकरराव म्हणाले, वहिनी, म्हणूनच तर पुरावा बळकट.

मी चहात साखर घातली नाही. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

२२ जानेवारी १९८०

आजचं आजच लिहून ठेवते.

मृदुलाला सातवा. संक्रांत झाली, आता माहेरी आणायची. श्यामला रजा नाही, म्हणून अरुंधतीबाई तिला घेऊन पिवळ्या गाडीने निघाल्या. मी यांना काल म्हटलं होतं, जीप पाठवा. घरचं काम, म्हणाले. मी अलीकडच्या टोकाला उभी राहायची असं ठरलं. माझी निळी गाडी औंधलाच बंद पडली.

त्या दोघी पुलापाशी उतरल्या, चालायला लागल्या. मध्यावर मृदुलाच्या पोटात कळ आली. ती कठड्याला धरून खालीच बसली. रिक्षा नाही, ट्रकवाले थांबेनात. अरुंधतीबाई सांगत होत्या, मला काही सुचेना, मी नुसती तिचं डोकं धरून बसले.

खंडूने गाडी वळवली होती, परत निघाला होता. त्याने आरशात पाहिलं. गाडी पुन्हा फिरवली आणि पुलावर घातली! कंडक्टर विलास ओरडला म्हणे, राव, पुढचं तिकीटच छापलेलं न्हाई. खंडू म्हणाला, तिला तिकीट नगं. दोघांनी मिळून तिला उचलून आत घेतलं आणि पिवळी गाडी पूल ओलांडून, बोपोडी मागे टाकून, थेट औंधला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या दारात. मी बंद निळ्या गाडीच्या खिडकीतून ती जाताना पाहिली. औंधच्या रस्त्यावर पिवळी गाडी! मला वाटलं, एकीकरण झालं वाटतं. मला काय माहीत आत माझं लेकरू आहे. ती पुढे दवाखान्याशी थांबलेली दिसली म्हणून उतरून बघायला गेले, तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आता ठीक आहे. बाळ ठीक आहे. झोपून राहायचं.

मी बाहेर येऊन खंडूचे हात धरले. त्याने हात सोडवून घेतले, म्हणाला, ताईंला सांगा, हाय मी हितं, काय लागलं तर. आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

२५ जानेवारी

मृदुला थोडी हसली आज.

खंडूला निलंबित केलंय. सीमा ओलांडली म्हणून. तक्रार शहर सेवेची, सही यांची. कारवाई उपनगर सेवेची, सही प्रभाकररावांची. एकाची मुलगी, दुसऱ्याची सून, आणि जे वाचलं ते दोघांचं नातवंड!

मी यांना विचारलं, लाज वाटत नाही? म्हणाले, तुला कळत नाही, याला सोडलं तर उद्या रोज कोणीतरी ओलांडेल, मग सीमा राहिली कुठे. आणि हळूच म्हणाले, मी त्याचे वैयक्तिक आभार मानलेत.

वैयक्तिक! मी तिथून उठून गेले. बोलले असते तर काय बोलले असते, मलाच भीती वाटली.

१७ फेब्रुवारी

यांनी खंडूला घरी बोलावलं. प्रभाकररावही होते. प्रकरण मिटवायचंय. नुसतं लिहून दे — घाईत लक्षात आलं नाही, चुकून सीमा ओलांडली, माफी असावी — की कामावर घेतो. कागद लिहून तयार ठेवला होता, त्याने फक्त सही करायची.

मी चहा घेऊन गेले. कागदात काय असणार ते खंडूला विलासकडून आधीच कळलं होतं बहुतेक, कारण त्याने तो पाहिलाही नाही. म्हणाला, "चुकून न्हाई साहेब. समजून नेली."

हे म्हणाले, अरे, एका शब्दाचा प्रश्न आहे.

"पूल हाय ह्यो मला ठावं व्हतं. न्यायची न्हाई ह्ये बी ठावं व्हतं. चुकून लिव्हलं तर उद्या पुन्हा कुनी बसली असंल तर मी काय करायचं?"

प्रभाकररावांनी कागदाची घडी करून खिशात घातली. आतल्या खोलीत पलंगावर मृदुला सगळं ऐकत होती. मी आत गेले तर तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं होतं.

५ एप्रिल

मुलगी झाली! पहाटे. काळेभोर जावळ. दोन्ही आजोबा काचेतून बघत उभे होते आणि नाक कोणावर गेलंय यावर वाद घालत होते. तेवढ्यापुरती मी दोघांना माफी दिली.

१६ एप्रिल

बारसं. नाव इरावती, श्यामने सुचवलं.

दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली, कडेला, आत येईना. सोजरबाई, खंडूची बायको. निघोज्याहून आली होती — म्हणजे पूल चालून. हातात कुंची, लाल खणाची, काठाला मोती लावलेली. मी आत आणून तिला पाळण्याजवळ पाटावर बसवलं. काही पाहुण्या बायका जरा सरकून बसल्या, ते मी पाहिलं. अरुंधतीबाईंनीही पाहिलं. त्या उठल्या आणि मुद्दाम सोजरबाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

मी विचारलं, घरी कसं चाललंय? म्हणाली, चाललंय की. आणखी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, त्यांनी सांगितलंय, बारशाच्या घरी रडगाणं गायचं न्हाई.

कुंची बाळाला बरोबर बसली. मृदुलाने ती दिवसभर काढली नाही. हे पाळण्याशी आले, कुंची बघून म्हणाले, छान आहे, कोणी दिली? मृदुलाने सांगितलं. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, आता विरघळतील.

२४ एप्रिल

विरघळले नाहीत. खंडूला कामावरून काढायचा हुकूम तयार झालाय. सोमवारी दोघांच्या सह्या व्हायच्या. आणि समितीनेही यांचं टिपण मान्य केलं. एकीकरण रद्द! दोघांनी आमच्याच पडवीत बसून बासुंदी खाल्ली. बासुंदी मी केली नव्हती, विकत आणावी लागली.

मृदुला सव्वा महिन्यानंतर सासरी जाणार. तान्ही मुलगी कडेवर घेऊन, पूल चालत. आणि पलीकडे वाट बघत उभा राहणारा कोणी नसणार. माझं सगळं तिथेच येऊन थांबतं. किती आणि काय लिहू.

२६ एप्रिल

अरुंधतीबाई एकट्याच आल्या, न कळवता. "बाळाला बघायला," म्हणाल्या. बाळाला उभ्या उभ्या बघितलं. मग आम्ही स्वयंपाकघरात दार लोटून बसलो. मृदुलाही येऊन बसली. थोड्या वेळाने विलास कंडक्टर मागच्या दाराने आला, पहिल्या पाळीला पूल चालणारे कोण कोण आहेत ते तो ओळखतो. कोंबडीवाल्या बाईंचा पत्ताही त्यालाच ठाऊक.

काय ठरलं ते इथेही लिहीत नाही. हे माझी रोजनिशी वाचत नाहीत, पण तत्त्वांचा भरवसा मला राहिलेला नाही.

२७ एप्रिल

उद्या सोमवार. सोजरबाई आजच आल्यात, इथेच झोपल्यात. काल लिहिलं नाही ते आता लिहिते: सकाळी पहिल्या पाळीला निळ्या गाडीपुढे मी बसणार, पिवळीपुढे अरुंधतीबाई, आणि खंडूचा हुकूम फाटेपर्यंत गाड्या हलू द्यायच्या नाहीत. सीमांतपूजनाचे तेच दोन पाट माळ्यावरून काढून पुसून ठेवलेत. हे विचारत होते, पाट कशाला काढलेस? मी म्हटलं, उद्या सीमेवर काम आहे.